तिसऱ्या भागाचा वन्समोर

१

गंगापूर रोडवरच्या त्या इमारतीत सकाळी सहाच्या ठोक्याला तिसऱ्या मजल्यावरचा पियानो सुरू व्हायचा. खालचा दूधवाला म्हणायचा, मला घड्याळ लागतच नाही. हे तो श्यामला गायधनीच्या तोंडावर म्हणायचा. पाठीमागे सगळी इमारत काय म्हणते तेही श्यामलाच्या कानावर होतं. म्हणोत बापडे. ज्यांना स्वतःच्या पोरांना पाढे पाठ करून घेता येत नाहीत, त्यांनी तिला शिकवू नये, एवढंच तिचं त्यावर म्हणणं होतं.

तिची रीत साधी होती. पियानोवर दोन वाट्या, एका वाटीत सात चिंचोके. एखादी अवघड जागा बिनचूक वाजली की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. सातही पलीकडे गेले की जागा पक्की. आणि मध्ये बोट घसरलं, भले सहाव्या वेळी का घसरेना, की सगळे चिंचोके परत पहिल्या वाटीत. मग श्यामला खुर्चीवरून न उठता म्हणायची, "पुन्हा."

ही रीत तिच्या वडिलांची. ते संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करत आणि सांगत की ज्याला वन्समोर मिळाला नाही, त्यानं वाजवलं असं गावभर सांगत फिरू नये. श्यामला स्वतः तेविसाव्या वर्षी एकदाच मोठ्या सभागृहात पियानोला बसली होती, मुंबईला, आणि मध्येच अडकली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या पडलेल्या माणसाला हात द्यावा तशा. त्या गोष्टीला पस्तीस वर्षं झाली. घरात त्या प्रसंगाचं नाव कोणी काढत नसे.

आता मुलगी यशश्री तेविसाची झाली होती, आणि योग असा की नाशिकला रशियाहून साठ जणांचा वाद्यवृंद यायचा होता. पूर्वार्धात पियानोचा कॉन्चेर्टो, म्हणजे एकीकडे एकटा पियानो आणि दुसरीकडे सगळा वाद्यवृंद. मध्यंतरानंतर सिंफनी, म्हणजे नुसत्या वाद्यवृंदाची मोठी रचना. दोन्ही रचना रशियन, दोन्ही अस्सल. ऐनवेळी त्यांच्या पियानोवादकाचा व्हिसा अडकला. रसिक मंडळाचे अध्यक्ष ढुंढिराजकाका मूळचे पंचवटीचे, पंच्याहत्तरीचे गृहस्थ. त्यांनी परस्पर सांगून टाकलं, आमच्याकडे मुलगी आहे. हाताशी चोवीस दिवस होते.

"चोवीस दिवस म्हणजे फारच थोडे," यशश्रीचे वडील विश्वेश म्हणाले. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, शांत माणूस. "झेपेल का तिला?"

"न झेपायला काय झालं?" श्यामला म्हणाली. "तुम्ही फक्त तिला फिरायला नेऊ नका."

कॉन्चेर्टोचे तीन भाग. पहिले दोन यशश्रीनं आठवड्यात बसवले. तिसऱ्याच्या शेवटी मात्र घोडं अडलं. तिथं डाव्या हाताच्या अकरा उड्या होत्या. करंगळीनं अगदी खालचा सूर घ्यायचा, डोळ्याचं पातं लवायच्या आत हात वर आणून चार बोटांचा ठोका द्यायचा आणि पुन्हा खाली जायचं. दहा उड्या नीट पडायच्या. अकराव्या उडीला करंगळी शेजारच्या काळ्या पट्टीवर घसरायची.

"पुन्हा," श्यामला म्हणायची.

२

त्या दिवशी सकाळचे दहा वाजले होते. श्यामला पोह्यांना फोडणी घालत होती आणि आतल्या खोलीत उड्या चालू होत्या. ती सवयीनं मोजत होती. आठ, नऊ, दहा, अकरा. अकरावी पडली! नेमकी, खणखणीत पडली. श्यामलाचा झारा हातातच राहिला. थोडं थांबून पुन्हा सुरुवात झाली आणि पुन्हा अकरावी पडली. तिनं गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. पाच, सहा, सात. सातही वेळा बिनचूक! पोरीनं पांग फेडले, असं तिच्या मनात आलं आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आता श्यामलाच्या डोळ्यांत पाणी येणं ही काही रोजची गोष्ट नव्हे.

तिनं बशीत पोहे घेतले, वर खोबरं-कोथिंबीर पेरली, आणि ती स्वतः द्यायला निघाली. तेवढ्यात पुढचं दार उघडून कामाच्या लताबाई रिकामी बादली घेऊन आत आल्या.

"वहिनी, यशूताईला जरा बसू द्या हो," त्या म्हणाल्या. "गच्चीवर माझ्यासंगं कपडे वाळत घालत व्हती. बोट लय सुजलंय तिचं. चिमटासुदिक दाबता येईना."

"कधी?"

"आत्ताच की. अर्धा तास आमी वरच व्हतो."

"मग आत कोण वाजवतंय?"

लताबाईंनी कान दिला. आता काहीच वाजत नव्हतं. "कोन वाजवनार?" त्या म्हणाल्या आणि बादली ठेवायला मोरीकडे गेल्या.

श्यामला आतल्या खोलीत गेली. पियानोचं झाकण बंद होतं. तिनं ते उचललं. पट्ट्यांवरचं लाल कापड दोन्ही टोकांना नीट बसवलेलं होतं, मध्ये एकही सुरकुती नव्हती. स्टुलावर हात ठेवला तर ते माठासारखं गार. मग तिची नजर वाट्यांवर गेली. सातही चिंचोके पलीकडच्या वाटीत होते.

असल्या वेळी माणूस आधी चोर शोधतो. श्यामलानंही शोधला. कार्टीनं फोनवर कुणाचं तरी वादन लावून ठेवलं आणि स्वतः गच्चीवर हवा खायला गेली, हे तिला एकदम पटलं. रागही आला आणि जरा बरंही वाटलं. यशश्री जिना उतरून आत आली तशी तिनं तिला दारातच धरलं.

"मला फसवतेस? रेकॉर्डिंग लावतेस?"

"नाही गं आई."

"फोन कुठाय तुझा?"

यशश्रीनं बोटानं दाखवलं. फोन बैठकीत चार्जिंगला लावलेला होता, आणि तो रात्रीपासून बंद होता. श्यामलानं तो सुरू करून पाहिला. मग सातही चिंचोके पहिल्या वाटीत टाकले आणि मुलीला स्टुलावर बसवलं. अकराव्या उडीला करंगळी घसरली. पोहे गार होऊन गेले, पण त्या दिवशी दोन वाजेपर्यंत पोरीला कुणी उठू दिलं नाही.

३

डॉक्टरांनी डावी करंगळी दाबून पाहिली आणि तीन आठवडे पूर्ण विश्रांती सांगितली. श्यामलानं घरी येऊन हळदीचा लेप लावला, वरून पांढरी चिकटपट्टी गुंडाळली आणि म्हणाली, "कार्यक्रम झाला की घे विश्रांती. महिनाभर घे."

विश्वेश काही बोलायला गेले, पण तिनं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. ते पेपर उचलून बाल्कनीत जाऊन बसले. वाईट माणूस नव्हता तो. बायकोपुढे बोलायची सवय मोडलेली होती, दुसरं काय.

त्यानंतर ते रोजच होऊ लागलं. यशश्री स्टुलावरून उठायची, बोट पाण्यात बुडवायला मोरीकडे जायची, आणि बंद दाराआड पियानो सुरू व्हायचा. दार उघडलं की थांबायचा. श्यामलानं काय काय नाही पाहिलं! वरच्या मजल्यावर जाऊन चौकशी केली, त्यांच्याकडे साधी पेटीही नव्हती. भिंतीला कान लावला. तारांमध्ये उंदीर शिरला असेल म्हणून मागची फळी काढून टॉर्च मारला. उंदीर रशियन कॉन्चेर्टो वाजवत नाही, एवढं तिलाही कळत होतं. पण शोधत असेपर्यंत बरं वाटायचं.

मग एक दिवस तिनं शोधणं सोडलं.

झालं असं, की दार उघडायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. आत अकराव्या उडीनंतरचा शेवट चालला होता, जिथवर यशश्री अजून धड पोहोचलीच नव्हती. इतकं स्वच्छ वादन श्यामलानं आयुष्यात ऐकलं नव्हतं. एकही सूर उणा नाही, एकही जादा नाही. पस्तीस वर्षांपूर्वी आपल्याला हेच हवं होतं, तिला वाटलं. ती दाराआड उभी राहून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

आणि सांगायला लाज वाटते, पण तिला त्याची चटक लागली. सकाळी सहाऐवजी साडेपाचलाच ती मुलीला बसवायची, दोनचारदा चूक झाली की मुद्दाम कडक आवाजात "पुन्हा" म्हणायची, आणि पोरगी रडकुंडीला आली की सांगायची, "जा, पाणी पिऊन ये." मग घाईनं दार लावून घ्यायची आणि बाहेर खुर्ची टाकून बसायची.

यशश्री त्या दिवसांत फार गप्प झाली. एका सकाळी चहा देताना लताबाई तिच्या अंगावर आदळता आदळता राहिल्या. "अगं बाई! दारातच उभी व्हतीस व्हय? दिसलीच नाय मला," त्या म्हणाल्या. विश्वेश जेवायला तीनच्या जागी दोन ताटं घेऊन बसले आणि मग स्वतःच ओशाळून तिसरं घ्यायला उठले. इमारतीच्या जिन्यात माणूस आलं की आपोआप लागणारे दिवे होते. एका संध्याकाळी श्यामला दार उघडून वाट पाहत होती, तर जिन्यात मिट्ट काळोख आणि त्या काळोखातून यशश्री वर आली. तिच्यामागून शेजारचे गृहस्थ चढले तसे सगळे दिवे भराभर लागले.

"दिवे बिघडलेत," श्यामला म्हणाली. "सोसायटीला सांगायला हवं."

यशश्रीनं आईकडे पाहिलं. "आई, तू पुन्हा म्हणतेस ना, तेव्हा मी उठले तरी वाजत राहतं," ती म्हणाली. "आणि मग मला माझे हात कुठे ठेवलेत तेच आठवत नाही. थोडा वेळ काहीच आठवत नाही."

"अशक्तपणा आहे तो. खजूर खात जा," श्यामला म्हणाली.

लताबाईंनी दुसऱ्या दिवशी सांगून टाकलं की बाकी सगळं घर झाडीन, पण त्या खोलीत पाऊल टाकनार नाय. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि श्यामलानंही विचारलं नाही. ती स्वतःच खोली झाडू लागली.

४

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी दहाला सभागृहात तालीम होती. जानेवारीची थंडी, आणि रंगमंचावर साठ परदेशी माणसं आपापली वाद्यं लावत बसलेली. त्यांचा कंडक्टर म्हणजे वाद्यवृंद चालवणारा माणूस साठीचा, ढगळ स्वेटर घातलेला, डोळ्यांनी हसणारा. मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचा. त्यानं यशश्रीची चिकटपट्टी पाहून कपाळाला आठ्या घातल्या आणि स्वतःच्या थर्मासमधला गरम चहा तिला दिला.

तिसऱ्या भागात अकरावी उडी चुकली. त्यानं छडी खाली घेतली, मागच्या पानावरून घ्यायला सांगितलं. परत चुकली. तिसऱ्यांदा चुकली तेव्हा तो पियानोपाशी आला, वाकला आणि हळू आवाजात म्हणाला की एकच सूर आहे, सोडून दे. तुझा दुसरा भाग ऐकून माझी माणसं रडली. या एका सुराकडे कोण बघतंय?

यशश्री चोवीस दिवसांत पहिल्यांदा हसली.

समोर तिसऱ्या रांगेत बसलेल्या श्यामलाच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. एकच सूर! असंच मुंबईला तिलाही कोणीतरी म्हणालं होतं. प्रेमानं बोलणारी माणसं दुसऱ्याचं वाटोळं करतात, हे तिचं ठाम मत होतं. ती उठून मागच्या बाजूनं रंगपटात गेली.

रंगपट म्हणजे आरसे लावलेली लांबट खोली. यशश्री तिथं एकटीच बसली होती, गरम पाण्यात बोट बुडवून.

"आई," ती म्हणाली, "एक मागू?"

"बोल."

"आज मी एकदाच वाजवीन. जसं येईल तसं. चुकलं तर चुकलं. झालं की उठेन. मला परत बसायला लावू नकोस."

"कार्यक्रमात परत कोण बसवणार आहे तुला?"

"तू बसवशील. मी ओळखते तुला." तिनं पाण्यातून हात काढला. "मी उठल्यावर तू परत मागितलंस, तर तिथं मी नसणार. आणि या वेळी मला परतही येता येणार नाही. कालच मला फार लांबून यावं लागलं."

"काहीतरी बडबडू नकोस. तू नाहीस तर कोण असणार?"

"तुला माहितीये. तू रोज दाराआड बसून ऐकतेस."

श्यामलाला वाटत होतं, पोरीला हे कळलेलं नाही. तिनं मुलीचा ओला हात हातात घेतला. तो कापसासारखा हलका लागला. तेवढा एक क्षण ती नुसती आई होती, असं म्हणायला हरकत नाही.

"नाही मागणार," ती म्हणाली. "तुझ्या गळ्याची शपथ."

५

साडेसहाला तिसरी घंटा झाली. सभागृह गच्च भरलं होतं. समई लावली, नटराजाला हार घातला, ढुंढिराजकाकांनी दोन मिनिटं म्हणून पंधरा मिनिटं भाषण केलं. कंडक्टर हात जोडून शांतपणे उभा होता. श्यामलानं पहिल्या रांगेतली खुर्ची सोडून विंगेत उभं राहायचं ठरवलं होतं. विश्वेश पुढे एकटेच बसले होते, शेजारची खुर्ची मोकळी.

पहिला भाग संपला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पूर्ण रचना संपल्याशिवाय टाळ्या वाजवत नाहीत, पण आमच्या नाशिककरांना कोण सांगणार? आवडलं की टाळी. दुसऱ्या भागात कोणी खोकलंसुद्धा नाही. यशश्री निळ्या रेशमी साडीत बसली होती, मान थोडी तिरकी, आणि जे वाजवत होती ते फार गोड होतं. श्यामलालाही ते जाणवलं. पण तिचं सगळं लक्ष पुढच्या अकरा उड्यांकडे लागलेलं होतं.

तिसरा भाग सुरू झाला. आठ, नऊ, दहा. अकराव्या उडीला करंगळी घसरली.

साठ वाद्यांच्या गजरात तो एक चुकीचा सूर कुणाच्या गावी नव्हता. शेवटचा ठोका पडला आणि सगळं सभागृह उठलं. यशश्रीनं कंडक्टरचा हात हातात घेतला, लोकांना वाकून नमस्कार केला आणि जवळजवळ पळतच विंगेत आली. तिच्या गालांवर रंग आला होता. लहानपणी शाळेतून यायची तशी ती आली.

"झालं आई!" ती म्हणाली आणि तिनं आईचा हात घट्ट धरला. "संपलं! ऐकलंस ना? चुकले एकदा, पण काही झालं नाही. काहीच झालं नाही गं!"

बाहेर टाळ्या चालूच होत्या. श्यामलाला त्या ऐकवेनात. तिला वाटलं, यांना कळलंय. यांना ती चूक कळलीय आणि हे कीव करताहेत. पोरगी मात्र खुशाल हसतेय, चुकून हसतेय! आणि तो शेवट, दाराआडून ऐकलेला तो शेवट, या लोकांनी ऐकलेलाच नाही. उद्या हे म्हणतील, गायधनींची मुलगी बरी वाजवते. बरी!

तिनं शपथ घेतली होती हे तिला आठवत होतं. विसरली होती असं कोणी म्हणू नये.

तिनं पडद्याच्या कडेनं तोंड बाहेर काढलं आणि खणखणीत आवाजात ओरडली, "वन्समोर!"

सभागृहाला तेवढंच हवं होतं. संगीत नाटकांवर वाढलेलं गाव ते. मागच्या रांगेतून आवाज आला, बाल्कनीतून आला, मग सगळं सभागृहच "वन्समोर, वन्समोर" करायला लागलं. कंडक्टर गोंधळून ढुंढिराजकाकांकडे पाहू लागला. काकांनी खालूनच हातवारे करत इंग्रजीत समजावलं की शेवटचा भाग परत हवाय, हा आमच्याकडे सर्वांत मोठा मान. वादकांनी पानं मागे उलटली.

"आई," यशश्री म्हणाली. एवढंच म्हणाली.

६

श्यामला म्हणणार होती की जा, बस, मी आहे. पण यशश्री हलली नाही. तिनं आईचा हात दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. आणि तिकडे रंगमंचावर कंडक्टरनं स्टुलाकडे पाहून आदबीनं मान हलवली, कोणी बसलंय अशी, आणि छडी उचलली.

वाद्यवृंदाची सुरुवातीची धावपळ झाली आणि पियानो आला.

विंगेतून फारसं दिसत नव्हतं. पियानोचं मोठं झाकण वर उचललेलं, आणि ते मध्येच येत होतं. स्टुलाच्या कडेनं खाली आलेला निळ्या रेशमाचा काठ दिसत होता. वादनाच्या भरात डावा हात अगदी खालच्या पट्ट्यांकडे आला की तेवढाच झाकणाबाहेर येई आणि परत आत जाई. हात यशश्रीचा होता. मनगटावर तिची लहानपणची भाजल्याची खूण होती. करंगळीवर मात्र चिकटपट्टी नव्हती, आणि बोट सुजलेलंही नव्हतं.

श्यामलानं मान वळवली नाही. तिच्या डाव्या हातात दुसरा हात होता, त्यावरची चिकटपट्टी तिला बोटांना लागत होती. इकडे पाहिलं तर एक तरी खोटं ठरेल, असं काहीतरी तिला वाटलं. तिनं न पाहणंच पत्करलं.

"आई, हात सोडू नकोस," शेजारून आवाज आला. फार बारीक आवाज होता. "तू धरून ठेवलंस तर राहीन मी. मला जाणवतंय ते. सोडू नकोस हं."

"शू," श्यामला म्हणाली. "उड्या येताहेत."

आठ, नऊ, दहा. अकरावी पडली.

श्यामलाच्या तोंडून हुंदका फुटला. उड्यांनंतरचा तो शेवट आता भरल्या सभागृहात घुमत होता, एकही सूर उणा नाही, एकही जादा नाही. व्हायोलिनवाले वाजवता वाजवता माना वळवून पियानोकडे पाहत होते. त्यातल्या एका म्हाताऱ्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि त्याचा गज थांबला होता. तेही श्यामलाच्या नजरेतून सुटलं नाही. पण ते पाहायची ही वेळ नव्हती.

शेवटचा ठोका पडला. लोक असे उठले, की खुर्च्यांचा एकच धाडकन आवाज झाला.

टाळ्या वाजवायला दोन हात लागतात. श्यामलानं हात सोडवून घेतला. तो सहज सुटला नाही, तिला दोनदा झटका द्यावा लागला. मग ती टाळ्या वाजवू लागली. तळवे लाल होईपर्यंत, खांदे दुखेपर्यंत वाजवत राहिली.

७

मध्यंतर झालं. निळ्या साडीतली मुलगी विंगेत आली, वाकली आणि श्यामलाच्या पाया पडली. तिचा श्वास लागलेला नव्हता. कपाळावर घामाचा थेंब नव्हता. श्यामलानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, लगेच काढून घेतला आणि तो पदराला पुसला.

"छान वाजवलंस," ती म्हणाली.

"हो," मुलगी म्हणाली.

श्यामला तिला घेऊन रंगपटात आली. तिथून बाहेर पडायला एक लाकडी दार होतं. ते उघडून विश्वेश आत आले. गर्दीतून वाट काढत आल्यानं त्यांचा चष्मा कलला होता, डोळे लाल झाले होते, आणि तोंडभर हसू होतं. त्यांनी हातात कागदाच्या द्रोणात दोन पेढे आणले होते. ते मुलीच्या समोर येऊन उभे राहिले, तिच्याकडे पाहिलं, आणि तिला ओलांडून आरशांच्या लांबट खोलीत पाहू लागले.

"यशू कुठंय?" त्यांनी विचारलं.

"ही काय," श्यामला म्हणाली. "समोर तर उभी आहे."

विश्वेशनी परत मुलीकडे पाहिलं. मुलीनंही त्यांच्याकडे पाहिलं, नीट, सरळ. त्यांचं हसू हळूहळू उतरलं. द्रोण हातातच राहिला.

"नाही गं," ते म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मी आपल्या यशूबद्दल विचारतोय."

"हीच आपली यशू. थकलीये ती. चला आता, घंटा होईल."

तिनं त्यांचा दंड धरून त्यांना दाराबाहेर काढलं. मुलगी न सांगता मागोमाग आली. बाहेरच्या बोळात लोक वाट पाहत उभेच होते. ढुंढिराजकाका हात पसरून पुढे आले, कोणी फोटो काढायला लागलं, कोणीतरी श्यामलाच्याच पाया पडलं. सगळे म्हणत होते, असं नाशिकनं ऐकलं नव्हतं. विश्वेश एका बाजूला भिंतीला धरून उभे होते आणि दाराकडे पाहत होते.

सिंफनीची पहिली घंटा झाली. लोक आत वळले. श्यामला दार ओढून घ्यायला मागे फिरली.

दार पुरतं लागेना. आतून कशाचा तरी दाब येत होता. अगदी थोडा होता, मांजरानं अंग घासावं एवढाच. फटीतून आरशांचे दिवे दिसत होते आणि खोलीत कोणी नव्हतं. श्यामलाच्या बोटांना ती चिकटपट्टी आठवली. मग तिनं खांदा लावून दार लोटलं आणि बाहेरून कडी घातली.